धूमकेतू नसलेल्या गोष्टींची यादी

चार्ल्स मेसिए या फ्रेंच निरीक्षकाला धूमकेतूंचा ध्यास होता. १७५८ साली पॅरिसहून एका धूमकेतूचा माग काढताना वृषभ राशीत, बैलाच्या एका शिंगाच्या टोकाजवळ, त्याला धुरकट ठिपका दिसला. धूमकेतू असता तर तो ताऱ्यांमधून रोज थोडाथोडा सरकला असता. हा मात्र जागचा हलेना. असल्या फसव्या ठिपक्यांपायी शोधकांच्या रात्री वाया जाऊ नयेत म्हणून मेसिएने त्यांची यादीच करायला घेतली. १७८१ साली तयार झालेल्या तिच्या आवृत्तीत शंभराहून अधिक नोंदी होत्या. मेसिएचे धूमकेतू आज फारसे कोणाला आठवत नाहीत. ‘इथे फसू नका’ हे सांगण्यासाठी केलेली यादी मात्र जगभरचे हौशी आकाशनिरीक्षक अजूनही हाताशी ठेवतात.

विश्वात काय काय घडते याचे जवळजवळ सगळे नमुने त्या यादीत नकळत गोळा झाले आहेत. शिंगाजवळचा तो पहिला ठिपका, एम-१, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचे अवशेष. एम-४२ हा मृग नक्षत्रातला तेजोमेघ; तिथे आज तारे जन्माला येत आहेत. एम-३१ म्हणजे देवयानी दीर्घिका, आपल्या आकाशगंगेच्या तोडीचे ताऱ्यांचे दुसरे विश्व. आणि कन्या राशीतल्या एम-८७ या दीर्घिकेच्या गाभ्यात जे कृष्णविवर आहे, त्याचीच प्रतिमा माणसाने सर्वांत आधी मिळवली. मेसिएच्या दुर्बिणीत हे चारही धूसर ठिपकेच दिसत. त्यांच्यातला फरक कळायला दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला. दरवेळी तो कळला तो निराळ्या तऱ्हेने पाहायची सोय झाल्यावरच. दुर्बीण नुसती मोठी करून भागले नाही.

मृग नक्षत्र ओळखायला सोपे. व्याधाने मारलेला बाण म्हणून ओळखले जाणारे तीन तारे एका रेषेत आहेत आणि त्यांच्या दक्षिणेला लहान ताऱ्यांची एक फिकट ओळ लोंबते. अंधाऱ्या जागेवरून पाहिले तर त्या ओळीतला मधला तारा नुसत्या डोळ्यांनाही धूसर वाटतो. तोच एम-४२. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. आज आपल्याला दिसणारा त्याचा प्रकाश तिथून निघाला तेव्हा महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांची सत्ता होती.

हे असले धूसर ठिपके नेमके कशाचे बनलेले आहेत, यावर शंभर वर्षे वाद झाला. पुरेशी मोठी दुर्बीण मिळाली की प्रत्येक ठिपका सुट्या ताऱ्यांत फुटेल, असे अनेकांना वाटे. वाद मिटवायला सुरुवात केली ती लंडनच्या विल्यम हगिन्सने. १८६४ साली त्याने घराशेजारच्या वेधशाळेतून कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिला. ताऱ्यांचा समूह असता तर रंगांचा सलग पट्टा दिसला असता. दिसल्या त्या काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या तेजस्वी रेषा. अशा रेषा विरळ, चमकणाऱ्या वायूच्याच असतात. म्हणजे काही तेजोमेघ खरोखरच वायूचे ढग होते. त्यातली हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. १९२७ साली आयरा बोवेनने दाखवून दिले, की ती रेषा आपल्या ओळखीच्या ऑक्सिजनचीच आहे. प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले, आणि वायू इतका विरळ की प्रयोगशाळेत तशी पोकळी सहज साधत नाही. म्हणून ती रेषा इथे कोणी पाहिली नव्हती.

एम-४२चा जो भाग चमकतो तो एका प्रचंड, काळोख्या ढगाचा उजळलेला दर्शनी भाग आहे. मागचा ढग मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचा आणि शून्याखाली अडीचशे अंशांहूनही थंड. ही थंडी महत्त्वाची. वायू तापलेला असला की त्याचा दाब गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. थंडीत तो दाब ढिला पडतो आणि ढगातली एखादी जरा दाट जागा भोवतालचा वायू ओढू लागते. वायू जमेल तशी ओढ वाढते. ढग सुरुवातीला अगदी मंद फिरत असला तरी आकसताना त्याचा वेग वाढतो, गिरकी घेणाऱ्या मुलीने पसरलेले हात जवळ घेतल्यावर वाढतो तसा. त्यामुळे सगळा वायू मधोमध कोसळत नाही. काही भाग चपट्या तबकडीच्या रूपात भोवती फिरत राहतो आणि पुढे त्यातून ग्रह घडू शकतात. मध्यभागी तापमान एक कोटी अंशांच्या घरात गेले, की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते. तारा पेटतो.

एम-४२च्या गाभ्यात असे चार तरुण, अतितप्त तारे जवळजवळ आहेत. त्यांच्या अतिनील किरणांमुळे अणूंतले इलेक्ट्रॉन निसटतात आणि ते परत जुळताना वायू चमकतो. १९९०च्या दशकात हबल दुर्बिणीने त्या उजेडापुढे काळ्या दिसणाऱ्या ग्रहजनक तबकड्यांची छायाचित्रे घेतली. त्यापुढचे काम अवरक्त किरणांचे. ढगातली बारीक धूळ दृश्य प्रकाश अडवते, अवरक्त प्रकाश मात्र तिच्यातून बराचसा पार होतो. गरुड तेजोमेघातले धुळीचे खांब हबलच्या १९९५च्या छायाचित्रात अपारदर्शक दिसतात. २०२२ साली जेम्स वेब दुर्बिणीने तेच खांब अवरक्तात टिपले आणि त्यांच्या आतबाहेर कितीतरी कोवळे तारे दिसू लागले.

या चित्रांतल्या रंगांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. अवरक्त किंवा क्ष-किरण आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. एकेका तरंगलांबीला एकेक रंग ठरवून देऊन ती चित्रे तयार केलेली असतात. त्यात फसवणूक नाही, पण चित्राखाली तशी ओळ छापणे हे छापणाऱ्यांचे कर्तव्य आहे आणि ते फार वेळा राहून जाते.

आता शिंगाजवळचा एम-१. जुलै १०५४ मध्ये चिनी दरबारातल्या निरीक्षकांनी त्याच जागी एका ‘पाहुण्या ताऱ्या’ची नोंद केली. तो तेवीस दिवस भर दिवसाही दिसत होता. सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचा तारा आपले इंधन उधळेपणाने जाळतो: हायड्रोजन संपला की हेलियम, मग कार्बन, असे करत गाभा लोखंडाचा होतो. लोखंड जुळवून ऊर्जा मिळत नाही. आतून टेकू देणारी उष्णता थांबते, गाभा एका सेकंदाहूनही कमी वेळात कोसळतो आणि बाहेरचे थर अवकाशात फेकले जातात. हाच अतिनवतारा. एम-१ म्हणजे तेव्हा फेकलेला आणि अजून पसरत असलेला मालमसाला. त्याच्या मध्यभागी त्या कोसळलेल्या गाभ्याचा, सेकंदाला तीस वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा आहे, हे १९६८ साली त्याच्या रेडिओ स्पंदांवरून कळले.

आणि गाभा न्यूट्रॉन ताऱ्याला पेलवेल त्याहून जड असला तर? या प्रश्नाची वाट एका बोटीवर खुली झाली. जुलै १९३० च्या अखेरीस एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला शिकायला निघाले. प्रवासात त्यांनी मांडलेल्या गणितातून दिसले, की विझत चाललेल्या ताऱ्याला आकसण्यापासून रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या दाबाला मर्यादा आहे. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापुढे तो दाब अपुरा पडतो. १९३५ साली लंडनच्या सभेत आर्थर एडिंग्टन यांनी हा निष्कर्ष जाहीरपणे झिडकारला. गणित बरोबर होते. चंद्रशेखरांना नोबेल मिळायला १९८३ उजाडले, आणि या उशिराची किंमत विज्ञानानेही मोजली, कारण कोसळणाऱ्या ताऱ्यांचा प्रश्न बराच काळ बाजूला पडून राहिला.

इतका जड गाभा कोसळून होणाऱ्या कृष्णविवराचा पुरावा मिळाला तो हंस तारकासमूहात. क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी उपकरण वर न्यावे लागते. १९६४ साली एका रॉकेटवरच्या उपकरणाला हंसात क्ष-किरणांचा जोरदार उगम सापडला. १९७० च्या डिसेंबरात सोडलेल्या उहुरू उपग्रहाने त्याचा बारकाईने वेध घेतला. त्या जागी एक निळा महाकाय तारा आहे आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा ५.६ दिवसांच्या आवर्तनाने पुढेमागे सरकतात. म्हणजे तारा कुठल्या तरी न दिसणाऱ्या जोडीदाराभोवती फिरतो आहे. जोडीदाराचे वस्तुमान काढले तर ते न्यूट्रॉन ताऱ्याच्या मर्यादेपलीकडे गेले; अलीकडच्या मापनानुसार ते सूर्याच्या सुमारे २१ पट आहे. निळ्या ताऱ्यापासून ओढलेला वायू विवराभोवती फिरताना घर्षणाने लाखो अंश तापतो आणि क्ष-किरण देतो. विवर अदृश्यच राहते, बोलतो तो त्यात पडण्याआधीचा वायू.

याच वर्षांत हा विषय मराठी वाचकांच्या घरी आला. १९७४ च्या सुमारास मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून जयंत विष्णू नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे नाव.

कृष्णविवर आसपासचे सगळे गिळत सुटते, ही समजूत अजूनही पक्की आहे. तिला छेद देणे सोपे आहे. सूर्याच्या जागी सूर्याइतक्याच वस्तुमानाचे विवर ठेवले तर त्याचा व्यास सहा किलोमीटर असेल, उजेड आणि ऊब जाईल, पण पृथ्वी आजच्याच कक्षेत फिरत राहील. विलक्षण गोष्टी घडतात त्या अगदी जवळ.

देवयानी दीर्घिकेचे रहस्य उलगडायला एका मोजपट्टीची गरज होती. ती दिली हेन्रिएटा लेव्हिट यांनी. हार्वर्डच्या वेधशाळेत त्या छायाचित्रांच्या काचा तपासत. काही तारे ठरावीक काळाने मंद-तेजस्वी होतात; हा काळ जितका लांब तितका तारा मुळात अधिक तेजस्वी, हा नियम त्यांनी १९१२ साली मांडला. काळ मोजायचा, त्यावरून खरे तेज काढायचे, दिसते ते किती कमी आहे हे पाहायचे, की अंतर मिळाले. ऑक्टोबर १९२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरून एडविन हबलला एम-३१ मध्ये असा एक तारा सापडला. त्याने काढलेले अंतर नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास होते. आजचा आकडा सुमारे २५ लाख. पण नऊ लाखही पुरेसे होते. देवयानी आकाशगंगेच्या हद्दीत बसूच शकत नव्हती. आपली आकाशगंगा म्हणजेच सारे विश्व, हे मत त्या एका ताऱ्याने निकाली काढले. लेव्हिट यांचे निधन त्याआधीच, १९२१ साली झाले होते. विसाव्या शतकातल्या खगोलशास्त्राचा पाया ज्या कामावर उभा आहे, ते काम त्यांनी तुटपुंज्या पगारावर केले. हबलच्या नावाची दुर्बीण सगळ्यांना ठाऊक असते. लेव्हिट यांचे नावही तितकेच घरोघर पोचायला हवे.

दीर्घिका घडतात कशा? विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे. अगदी बाल्यावस्थेतल्या विश्वात पदार्थ जवळजवळ सर्वत्र सारखा पसरलेला होता. त्या वेळच्या प्रारणात आढळणारे चढउतार साधारण लाखात एक एवढेच आहेत. त्या किंचित दाट जागांनी पुढे सगळे गोळा केले. त्यात पुढाकार कृष्णद्रव्याचा होता. ते प्रकाश देत नाही, अडवत नाही, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवते. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानीतल्या वायूचे वेग मोजले तेव्हा केंद्रापासून दूर गेले तरी ते अपेक्षेप्रमाणे घटत नव्हते. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानात एवढी ओढ नव्हती. कृष्णद्रव्याच्या अशा गोळ्यांत हायड्रोजन उतरला, थंड झाला, फिरत चपटा झाला आणि तारे पेटू लागले. लहान दीर्घिका एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या. सर्पिल बाहूंच्या दोन मोठ्या दीर्घिका धडकल्या की बहुधा बाहू मोडून एम-८७ सारखी गोलसर दीर्घिका उरते.

एम-८७ मधून एक सरळ, बारीक किरण बाहेर आलेला दिसतो, अशी नोंद हेबर कर्टिस यांनी १९१८ सालीच केली होती. आज तो हजारो प्रकाशवर्षे लांबीचा, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने निघालेला झोत म्हणून ओळखला जातो. त्याच्या मुळाशी असलेले विवर ६५० कोटी सूर्यांइतके जड आहे, पण साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरून ते इतके लहान दिसते की त्यासाठी पृथ्वीएवढी दुर्बीण लागेल. ती जुळवली गेली. एप्रिल २०१७ मध्ये हवाई, ॲरिझोना, मेक्सिको, चिली, स्पेन आणि दक्षिण ध्रुव इथल्या आठ रेडिओ दुर्बिणींनी अणुघड्याळांच्या तालावर १.३ मिलिमीटर तरंगलांबीवर नोंदी घेतल्या. माहिती इतकी होती की इंटरनेटने पाठवणे शक्य नव्हते. हार्ड डिस्क विमानाने नेल्या. ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरेपर्यंत अडकून पडल्या. मग चार गटांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळ्या प्रतिमा तयार केल्या. चौघांकडेही कडे निघाले, आणि ते एका बाजूला अधिक तेजस्वी होते. १० एप्रिल २०१९ रोजी ती प्रतिमा जगाने पाहिली. मधला काळोख ही विवराची सावली. नारिंगी रंग निवडलेला. रेडिओ लहरींना रंग नसतो. एकमेकांशी बोलायचे नाही ही त्यांची शिस्त प्रतिमेइतकीच मोलाची आहे, कारण आपल्याला हवे तेच पाहण्याचा मोह त्या क्षणी सर्वांत जास्त असतो.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या विवराचे वस्तुमान त्याआधीच कळले होते. आंद्रेआ गेझ आणि राइनहार्ड गेन्झेल यांच्या गटांनी धनू राशीच्या दिशेला, धुळीआड, अवरक्त प्रकाशात वर्षानुवर्षे तारे टिपले. त्यातला एक तारा सोळा वर्षांत रिकाम्या दिसणाऱ्या बिंदूभोवती फेरी पूर्ण करतो. त्या कक्षेवरून बिंदूचे वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांइतके निघाले. २०२० च्या नोबेलमध्ये दोघे रॉजर पेनरोज यांच्यासह वाटेकरी झाले.

मोठी विवरे दीर्घिकेच्या जडणघडणीत थेट हात घालतात. त्यांच्या झोतांमुळे भोवतालचा वायू तापतो आणि तापलेल्या वायूतून तारे घडत नाहीत. याचा एक भव्य पुरावा मिळाला त्यात पुण्याजवळच्या दुर्बिणीचाही वाटा होता. नारायणगावजवळच्या खोडद परिसरात जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेली तारेची जाळी वापरून तबकड्या हलक्या आणि स्वस्त केल्या. मीटरभर लांबीच्या लहरींना जाळीही आरशासारखीच. २०२० साली खगोलशास्त्रज्ञांनी भुजंगधारी तारकासमूहातल्या, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकागुच्छातल्या एका प्रचंड स्फोटाची माहिती जाहीर केली. तिथल्या विवराच्या झोताने तप्त वायूत इतकी मोठी पोकळी कोरली आहे की तिच्यात पंधरा आकाशगंगा ओळीने मावाव्यात. क्ष-किरणांत पोकळीची कड दिसली होती; ती रेडिओ लहरी देणाऱ्या कणांनी भरली आहे हे दाखवणाऱ्या नोंदींत जीएमआरटीच्या नोंदी होत्या.

आता खरा पेच. ताऱ्यापासून झालेले विवर काही सूर्यांचे ते काही डझन सूर्यांचे. त्यापासून कोट्यवधी सूर्यांचे विवर व्हायला वेळ किती लागेल? तो वेळ मिळालेलाच दिसत नाही. एबेल २७४४ या दीर्घिकागुच्छाचे गुरुत्वाकर्षण मागून येणारा प्रकाश भिंगाप्रमाणे मोठा करते. त्यातून पाहताना जेम्स वेब आणि चंद्रा या दुर्बिणींना यूएचझेड-१ ही दीर्घिका सापडली. विश्वाच्या जन्मानंतर अवघ्या ४७ कोटी वर्षांनी तिच्यात किमान एक कोटी सूर्यांइतके विवर तयार होते, जवळजवळ तिच्या सगळ्या ताऱ्यांच्या वजनाचे. कदाचित सुरुवातीला वायूचे प्रचंड ढग तारा न होता थेट विवरात कोसळले असावेत. त्याच गुच्छाच्या दिशेला पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना वेबच्या नोंदींतून ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका मिळाली. विश्व दीड अब्ज वर्षांचे होते तेव्हाच तिला नीटस, ठळक बाहू होते. एवढी घडी बसायला खूप वेळ लागतो असे आजवर मानले जाई.

विवरे एकमेकांत मिसळून वाढतात हे मात्र ऐकायला मिळाले आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी ३६ आणि २९ सूर्यांच्या दोन विवरांच्या मीलनाची गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणारी लहर, पकडली. वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांत तिच्यामुळे पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास होता. मीलनानंतरचे विवर कसे कंप पावत शांत होते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० सालीच गणिताने दाखवले होते; आणि गोंगाटात दडलेली लहर ओळखण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात संजीव धुरंधर यांच्या गटाने अनेक वर्षे काम केले होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची भारतीय वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने २०२३ साली २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली.

कोट्यवधी सूर्यांच्या विवरांच्या जोड्या मात्र लायगोच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यांच्या लहरींचे एकेक आवर्तन पूर्ण व्हायला काही वर्षे लागतात. त्यासाठी घड्याळे म्हणून पल्सार, म्हणजे रेडिओ स्पंद देणारे न्यूट्रॉन तारे, वापरतात: नियमित येणारे त्यांचे स्पंद लहर जाताना सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागाने मागेपुढे होतात. जून २०२३ मध्ये अनेक देशांच्या गटांनी अशा लहरींच्या गुंजनाचे पुरावे एकाच वेळी जाहीर केले, आणि त्यातल्या युरोपीय गटाच्या पंचवीस वर्षांच्या नोंदींना खोडदच्या दुर्बिणीच्या सुमारे साडेतीन वर्षांच्या नोंदींची जोड होती. गुंजनात मिसळलेली एखादी जोडी वेगळी काढायची तर हेच पल्सार आणखी कित्येक वर्षे, खंड न पाडता, मोजत राहावे लागणार आहेत.